कोनाड्यावरची काजळी

झाशीच्या आमच्या वाड्यात दिवे कुठे आणि किती लावायचे यावरून घरात पहिला वाद झाला, तेव्हा वाड्यात वीजच नव्हती. 2012 मध्ये दादा-वहिनी अक्काला घेऊन सिपरी बाजारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, वाड्याला कुलूप लागले आणि पुढे मीटरही काढून नेला. त्यानंतर दहा वर्षांनी माझी पुतणी, जिला आम्ही सगळे अजून छोटीच म्हणतो, चौकातल्या जोत्यावर लॅपटॉप उघडून बसली आणि त्याची बॅटरी संपायच्या आत आम्हाला दिव्यांचा नकाशा समजावून सांगू लागली.

छोटी भोपाळला वास्तुकला शिकली. मग काही वर्षे दिल्लीत एका कचेरीत होती. तिचा बेत सरळ होता. वाडा दुरुस्त करायचा, खाली घरच्यांनी राहायचे, वरच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. ओरछा आणि खजुराहोला जाणारे प्रवासी झाशीला गाडीतून उतरतात आणि स्टेशनवरूनच पुढे पळतात. "एक रात्र तरी त्यांना झाशीत थांबवू," ती म्हणाली. बँकेचे कर्ज काढले, तिने आपली शिल्लक घातली, थोडी मीही घातली. मी पुण्यात एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात माझी जास्त फजिती आहे.

वाडा शहरपनाहच्या आत, जुन्या वस्तीत आहे. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर स्कूटर मागे घ्यावी लागते. पुण्याचा वाडा लाकडावर उभा असतो, आमचा दगडावर. खांब दगडी, कमानी बुंदेली, छताला वाशांऐवजी दगडाच्या लांब पटिया. देवडीला आमच्याकडे पौर म्हणतात. पौरीतून चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना ओसरी, पुढे माजघर, त्याच्या मागे कोठीची खोली आणि शेवटी विहीर. माणसे मराठी, दगड बुंदेलखंडी, असे हे घर आहे.

गावही तसेच आहे. किल्ला ओरछ्याच्या बीरसिंह देवांनी 1613 मध्ये बांधला. 1742 मध्ये नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार होऊन आले, त्यांनी तो वाढवला आणि पायथ्याशी वस्ती वसवली. पुढे रत्नागिरीकडचे नेवाळकर आले. आमचे पूर्वज त्यांच्याबरोबर आले असे घरात सांगतात. गंगाधररावांचे 1842 मध्ये ज्या गणेश मंदिरात लग्न झाले, ते मंदिर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि भाद्रपदात तिथे अजून मराठी आरत्या होतात. 1858 नंतर शहर आणि किल्ला काही वर्षे शिंद्यांकडे होते. 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी झाशी परत घेतली. इतक्या हातांतून गेलेल्या गावात कुठलीही भिंत नुसती भिंत राहत नाही. प्रत्येक घराला एक गोष्ट असते, आणि आमच्या घराची गोष्ट कोठीच्या खोलीत होती.

तिच्याकडे मी येतोच. पण आधी सामान काढावे लागले.

छोटीच्या बोलण्यात 'मिनिमल' हा शब्द वरचेवर यायचा. वहिनीने त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी लावला. "म्हणजे काही ठेवायचं नाही," ती म्हणाली आणि माहेरचा पितळी हंडा उचलून फ्लॅटवर घेऊन गेली. पुढचे बारा दिवस आम्ही नुसते सामान बाहेर काढत होतो. लोखंडी कपाटे, प्लायवुडचे पार्टिशन, बैठकीचे 1994 मध्ये हौसेने लावलेले खोटे छत, त्यामागची कबुतरांची घरटी, चौदा ट्यूबलाइटच्या पट्ट्या, माझ्या वडिलांनी बांधून ठेवलेली रद्दी. खोटे छत निघाले तेव्हा खऱ्या छताची उंची पाहून दादा गप्प झाला. ते त्यानेच लावून घेतले होते.

आणि मग एक गंमत लक्षात आली. हे सगळे काढल्यावर खाली जे घर उरले ते मुळातच रिकामे होते. भिंतीत कोनाडे आणि फडताळे, कपड्यांना खुंट्या, बसायला सतरंजी, पाहुणा आला तर गादी आणि लोड, जेवायला पाट. सगळे उचलून ठेवायचे आणि खोली पुन्हा मोकळी. एकाच खोलीत सकाळी शिकवणी, दुपारी निवडण-टिपण, रात्री अंथरुणे. कमी सामानाची रीत छोटीने दिल्लीहून आणलेली नव्हती, ती घरातच होती. आम्हीच साठ-सत्तर वर्षे तिच्यापुढे कपाटे लावत गेलो होतो.

भिंतींचेही तसेच. 1991 मध्ये ओल येते म्हणून खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. पैसे मी पुण्याहून पाठवले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. जुन्या विटा-चुन्याच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच, चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते. सिमेंटने तिची वाट बंद झाली. ओल वर चढत राहिली, कमरेपर्यंत आलेला लोणा डोक्यापर्यंत गेला आणि विटा भुगा होऊ लागल्या. ओरछ्याकडचे एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी गिलाव्यावर बोटाने टकटक केले, पोकळ आवाज ऐकला आणि सगळे उतरवायला सांगितले. मग अंगणात चुना भिजला. विटांची सुरखी, वाळू, बेलाचा गर, गूळ, मेथीचे पाणी, उडदाची डाळ. चौकात कोणी लाडू वळायला बसले आहे असा वास यायचा. चुन्याला घाई चालत नाही. एक थर दिला की पाणी मारत थांबायचे. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नव्हते, आणि छोटीच्या चेहऱ्यावर ते दिसायचे.

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, तेव्हा मी चुन्याच्या खोलीत आणि सिमेंट न उतरवलेल्या खोलीत दुपारी आळीपाळीने बसून पाहिले. फरक सांगायला थर्मामीटर लागला नाही.

आता दिवे. छोटीने आम्हाला समजावले ते असे. घरातला प्रकाश तीन प्रकारचा. एक सगळीकडे पसरणारा, दुसरा कामापुरता, तिसरा एखाद्या वस्तूकडे बोट दाखवणारा. आपण पहिला एकच ओळखतो. छताच्या मध्यावर ट्यूब लावतो, ती सगळे सारखेच उजळते आणि काहीच दाखवत नाही. त्यात आपली ट्यूब साडेसहा हजार केल्विनची, म्हणजे निळसर पांढरी. तेलाच्या दिव्याची ज्योत दोन हजारांच्या आसपास, पिवळी-तांबूस. तिने 2700 केल्विनचे दिवे निवडले. ते भिंतीच्या बुडाशी, कमानीच्या मागे, पटियांच्या कडेला अशा जागी लपवले की दिवा दिसू नये, नुसता उजेड दिसावा. दादाला ते पटेना. "दिवाच दिसत नाही तर पैसे कशाचे?" हा त्याचा प्रश्न होता.

त्याला पटवायला छोटी आम्हाला राणी महालात घेऊन गेली. रघुनाथराव नेवाळकरांनी बांधलेला हा दुमजली महाल आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. खाली नवव्या ते बाराव्या शतकातल्या मूर्ती ठेवल्या आहेत, वर दरबाराच्या दालनाला रंगवलेले लाकडी छत आहे, फुलावेलींचे आणि मोरांचे. लहानपणापासून मी ते किती वेळा पाहिले असेन. छोटीने विजेच्या दिव्यांकडे पाठ करून आम्हाला चौकाच्या बाजूला उभे केले. बाहेरचे ऊन चौकाच्या फरशीवर पडत होते आणि तिथून उसळून छतावर जात होते. "काका, हे छत खालून येणाऱ्या उजेडासाठी रंगवलंय," ती म्हणाली. "आपण वरून दिवा टाकतो आणि मग म्हणतो रंग उडाले." दादा बराच वेळ मान वर करून उभा राहिला. परतताना रिक्षात त्याने विचारले, "त्या लपवायच्या दिव्यांचा एक किती पडतो म्हणालीस?"

आता तिसरा, बोट दाखवणारा प्रकाश. त्यासाठी छोटीच्या नकाशावर पाच जागा होत्या. पौरीची कमान, तुळशीवृंदावन, विहिरीचा काठ, जिन्याचा कोरीव कठडा. पाचवी जागा कोठीतली गदरची भिंत.

कोठीच्या मागच्या भिंतीवर, एका उंच शिसवी कपाटाच्या माथ्यावरून वर गेलेला, हातभर लांब काळा डाग आहे. लहानपणी संध्याकाळी तात्या, म्हणजे माझे आजोबा, आम्हाला हात धरून तिथे न्यायचे, टॉर्चचा झोत त्या डागावर टाकायचे आणि हलक्या आवाजात सांगायचे, "हे गदरचं." 3 एप्रिल 1858 ला ह्यू रोजचे सैन्य शहरात शिरले, कत्तल झाली, घरे पेटली, वाड्यावर तेलाचे बोळे पडले, बाकी सगळे दुरुस्त केले पण एवढी जागा पूर्वजांनी तशीच ठेवली. दर दिवाळीला सगळ्या घराला चुना लागायचा, त्या डागाला नाही.

मराठी माणसाला अशा गोष्टीवर विश्वास ठेवायला फार लागत नाही. आपल्या वाड्यांचा इतिहास आगीतूनच जातो. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला. 1879 मध्ये विश्रामबागवाड्याला आणि बुधवारवाड्याला आग लागली. झाशीची आग तर पाहणाऱ्याने लिहून ठेवली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि नेमके त्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहराची लूट आहे, जळती घरे आहेत, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस आहे. मी वर्गात गोडसे भटजी शिकवायचो आणि तास संपत आला की हळूच म्हणायचो, "त्या आगीची काजळी आमच्या घरात अजून आहे." मुले वह्या मिटता मिटता थांबायची. तो क्षण मी एकतीस वर्षे वापरला.

छोटीने त्या डागासाठी पंधरा अंशांचा अरुंद झोत ठरवला होता. कोठी पाहुण्यांसाठी खुली ठेवायची, आत काहीही ठेवायचे नाही, काळोख आणि त्यात फक्त तो डाग. माहितीपत्रकाचा मजकूर मी लिहिला होता. त्यात '1858 ची साक्षी भिंत' असे शब्द होते. पत्रके छापून आली होती.

कोठी रिकामी करायची म्हणजे कपाट हलवायला हवे. चार माणसांनी ते सरकवले. मागे एक कोनाडा निघाला.

त्या कोनाड्याचे अस्तित्व आम्हा दोघा भावांना माहीत नव्हते. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, वर कमान, आत बोटभर धूळ. डाग त्या कोनाड्याच्या कमानीपासून सुरू होत होता. खाली रुंद आणि गडद, वर निमुळता, दिव्याच्या ज्योतीच्याच आकाराचा. मिस्त्रींनी कमानीवर बोट फिरवले, बोटाला आलेले काळे हुंगले, मग मान वर करून छताच्या पटिया पाहिल्या. त्या स्वच्छ होत्या. "आग लगती तो ऊपर भी काला होता," एवढे म्हणून ते पाणी मारायला निघून गेले.

छोटी माझ्याकडे पाहत होती. इतिहासाच्या शिक्षकाने काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, नंतरच्या दुरुस्तीत पटिया बदलल्या असतील. हे मी इतक्या सहज म्हणालो की माझा मलाच राग आला.

दोन दिवसांनी अक्का काम बघायला आली. अक्का आमची आत्या, वडिलांची धाकटी बहीण. जन्म 1936 चा. सतराव्या वर्षी तिचे सागरला लग्न झाले आणि एकोणिसाव्या वर्षी ती पांढऱ्या लुगड्यात या वाड्यात परत आली. पुढे ती मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली, तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाली. आम्हाला तिच्याबद्दल एवढे माहीत होते आणि तेवढे पुरेसे वाटत होते. तिला धरून आम्ही चौक दाखवला, ओसरी दाखवली. कोठीच्या उंबऱ्यात ती थांबली. कोनाडा पाहिला आणि म्हणाली, "कपाट काढलंत का."

मग ती आत जाऊन खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून तिने वर्षानुवर्षे जमिनीवर बसणे सोडले होते. तिथे मात्र बसली, पाठ बाजूच्या भिंतीला टेकवून, आणि डावा हात न पाहता उचलला तो बरोबर कोनाड्यात गेला.

"ही माझ्या चिमणीची काजळी," ती म्हणाली.

वाड्यात वीज तेव्हाही होती. बैठकीत, ओसरीवर, माजघरात बल्ब होते. कोठीत नव्हता. धान्याला दिवा कशाला? अक्काची वळकटी कोठीत होती. तिच्या आजीचे, म्हणजे आमच्या पणजीचे, सोवळे कडक, आणि तिचा सोवळ्याचा स्वयंपाक अक्काकडे. दिवसभर ते काम. विजेचा मेन पौरीत लाकडी पेटीत होता आणि रात्री नऊ वाजता तात्या तो स्वतःच्या हाताने बंद करायचे. रेल्वे कारखान्यात हिशेबनीस होते ते, बिलाचा आकडा त्यांना पाठ असायचा. घर निजले की अक्का कोनाड्यात रॉकेलची चिमणी लावायची आणि पुस्तक उघडायची. पुस्तके शेजारच्या मुलीची, परीक्षा झाली की परत द्यायची. अशी ती हायस्कूल झाली, इंटर झाली, बाहेरून परीक्षा देऊन.

"आणि गदर?" दादाने विचारले. त्याचा आवाज जरा चढलाच होता.

"सत्तावन्न साल. शताब्दीचं वर्ष होतं. गावात सभा, मिरवणुका. बाहेरचे लोक जुनी घरं बघायला यायचे. तात्यांच्या ओळखीचे कोणी ग्वाल्हेरचे आले. हिंडता हिंडता कोठीत डोकावले आणि म्हणाले, हे काळं कशाचं हो? मी पाणी घेऊन मागे उभी. आजी माजघरात जप करत होती, पण कान इकडेच. मी शिकते हे तिला कळलं असतं तर संपलंच होतं. तात्यांनी कोनाड्याकडे पाहिलं. आत चिमणी होती, भूगोलाचं पुस्तक होतं. पाहिलं आणि म्हणाले, हे ना, हे गदरचं."

"मग?"

"मग काय. पाहुण्यांनी त्या काजळीला हात जोडले."

कोणी हसले नाही. अक्का हसली.

त्या दिवाळीला चुना लावायला माणूस आला तेव्हा तात्या त्याला म्हणाले, तेवढी जागा सोड. जागा सोडली, म्हणून कोनाडाही राहिला आणि चिमणीही. पुढे नोकरी लागली, कोनाड्याची गरज संपली. पण गदरची भिंत पाहायला लोक येत होते, तात्या उत्साहाने दाखवत होते, आणि कोनाडा दिसला असता तर कोणीतरी नीट पाहिले असते. "म्हणून कपाट मीच सरकवून घेतलं," अक्का म्हणाली. "म्हातारपणी त्यांची फजिती कशाला?"

छोटी तिच्याजवळ खाली बसली. "अक्का, म्हणजे आजोबांनी तुला वाचवलं."

अक्का थोडा वेळ बोलली नाही. "असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होते. पण नंतर आजी गेली. मग सांगायला काय हरकत होती? ह्या सगळ्यांना टॉर्च घेऊन दाखवायचे, मी शेजारी उभी असायची. एकदा तरी म्हणायचं होतं, ही माझ्या मुलीची. त्यांनी मला वाचवलं की पुसलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

"तू का नाही सांगितलंस आम्हाला?" मी विचारले.

"तुम्ही किती अभिमानाने सांगायचात," ती म्हणाली.

त्या रात्री फ्लॅटवर मोठा वाद झाला. दादाचे म्हणणे, अक्का सत्त्याऐंशीची आहे, तिची आठवण किती धरायची, काजळी दोन्ही वेळची असू शकते. छोटी पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहत होती. बँकेला दिलेल्या प्रस्तावातही ती भिंत होती. झाशीत उतरणारा प्रवासी राणीसाठी उतरतो, कोणाच्या तरी आत्यासाठी नाही, हे तिने रडवेल्या आवाजात म्हटले आणि लगेच स्वतःच गप्प झाली. मी मध्यममार्ग सुचवला, 'असे सांगतात की' अशी एक शब्दरचना घालावी. इतिहासाच्या पुस्तकांत आम्ही ती फार वापरतो. वहिनी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तिच्यासमोर लावाल का मग तो दिवा? ती बसलेली असताना?"

पत्रके रद्दीत गेली.

आता त्या पाचव्या दिव्याचे काय करायचे? छोटीला वाटले, तोच झोत ठेवावा, फक्त पाटी बदलावी, अक्काचे नाव घालावे. विचारायला गेली तर अक्काने साफ नकार दिला. "बोट दाखवणारा दिवा नको. मी आयुष्यभर लोकांच्या नजरेपासून लांब बसून शिकले. आता कशाला दाखवतेस?" वर म्हणाली, कोठीचा काळोख वाईट नव्हता. दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरायचे, त्या खोलीत कोणी बघत नसायचे. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड खोली तीच. तिला काळोखाचे दुःख नव्हते. कधी उजेड आणि कधी काळोख हे दुसऱ्याने ठरवायचे, त्याचे होते.

हे आम्हाला कळले ते बटणावरून. वाड्याचे सगळे दिवे एका यंत्रणेवर होते. फोनवर बोट लावले की 'संध्याकाळ', पुन्हा लावले की 'जेवण', रात्री अकराला चौकातले दिवे आपोआप मंद. छोटी मोठ्या हौसेने दाखवत होती. अक्काने विचारले, "बटण कुठे आहे?"

"बटण नाही, अक्का. फोनवरून होतं."

"कोणाच्या फोनवरून?"

"माझ्या. बाबांच्याही."

"म्हणजे मेन पुन्हा कोणाच्या तरी खिशात," अक्का म्हणाली.

छोटीने दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावले. मिस्त्रींनी नुकताच घोटून गुळगुळीत केलेला चुना पुन्हा फोडावा लागला, ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. कोनाड्याच्या डाव्या बाजूला साधे काळे खटक्याचे बटण बसले. त्याची उंची ठरवायला छोटीने अक्काला जमिनीवर बसवले आणि तिने हात उचलला तिथे पेन्सिलीने खूण केली. कोनाड्याच्या आत वरच्या कडेला एक छोटा दिवा आहे, वाचता येईल एवढा. डागावर थेट उजेड पडत नाही. नंतर खाली घरच्यांच्या सगळ्या खोल्यांत तशी बटणे आली. फोनवरचे 'संध्याकाळ' आणि 'जेवण' पाहुण्यांच्या मजल्यापुरते राहिले.

गेल्या हिवाळ्यात वाडा सुरू झाला. अक्का कोठीशेजारच्या खोलीत राहते, पण संध्याकाळी तासभर कोठीत खुर्ची टाकून बसते. वाचते, किंवा दिवा बंद करून नुसती बसते. तिकडून खटक्याचा आवाज येतो, लावल्याचा, मालवल्याचा. दिवाळीच्या आधी मिस्त्री पांढरा हात द्यायला आले, तेव्हा डाग ठेवायचा का असे त्यांनी विचारले. अक्का म्हणाली, द्या फासून, माझ्याकडे प्रमाणपत्रं आहेत. छोटीने हात जोडले तेव्हा ती म्हणाली, बरं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा दर वर्षी हा प्रश्न निघणार आहे.

मी जानेवारीत गेलो होतो तेव्हा कोइंबतूरचे एक जोडपे उतरले होते. दादा त्यांना घर दाखवत होता, मी मागून चाललो होतो. कोठीपाशी पाहुण्याने तोच प्रश्न विचारला, हे काळे कशाचे? साठ वर्षांची सवय दादाच्या तोंडाशी आली. "ये गदर..." असे तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "हमारी बुआ यहाँ पढ़ती थीं. चिमनी जलाकर."

पाहुणा बरं म्हणाला. मग त्याने किल्ला सकाळी किती वाजता उघडतो ते विचारले.